एक्सेटरची ऑफर, पण कॅम्पस पेनरिन: आधी एवढं बघून घ्या

तुमचा प्रश्न असा: मुलीला युनिव्हर्सिटी ऑफ एक्सेटरची ऑफर आलीय, पत्रात कॅम्पस 'पेनरिन' आहे, आणि आतेभाऊ एक्सेटरला असतो, तर त्याच्याकडे राहून कॉलेज होईल का?

नाही होणार, ताई. एक्सेटर इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, पेनरिन पार शेजारच्या कॉर्नवॉल परगण्यात, फॅल्मथ गावाला लागून. मध्ये सुमारे 160 किलोमीटर. एक्सेटर सेंट डेव्हिड्स स्टेशनवरून ट्रूरोपर्यंतच सव्वादोन-अडीच तास, तिथे उतरून फॅल्मथची छोटी गाडी धरायची. डेक्कन क्वीनचा पास काढून मुंबई-पुणे करणारे आपल्याकडे आहेत. इथे तो विचारही नको. शिवाय वाटेत डॉलिश गावापाशी रूळ अगदी समुद्राला खेटून जातात. फेब्रुवारी 2014च्या वादळात तिथली भिंत वाहून गेली आणि मार्ग दोन महिने बंद होता. आजही समुद्र खवळला की गाड्या रखडतात.

डिग्री मात्र एक्सेटरचीच, त्याची काळजी नको. एक्सेटर शहरात दोन कॅम्पस आहेत. स्ट्रेटम मुख्य आणि चांगलाच चढाचा (एका चढाला पोरं 'कार्डिॲक हिल' म्हणतात, उगाच नाही). सेंट ल्यूक्सला मेडिसिन, स्पोर्ट सायन्स, शिक्षणशास्त्र. या दोघांत चालत अर्धा तास, म्हणजे शहरात कुठेही राहिलं तरी चालतं.

पेनरिनला दुय्यम समजू नका. खाणकाम, भूगर्भशास्त्र, इकॉलॉजी, रिन्यूएबल एनर्जी यांचं खरं घर तेच. 1888 साली सुरू झालेलं कॅम्बोर्न स्कूल ऑफ माइन्स आता तिथेच आहे. मुलीचा विषय यातला असेल तर कॅम्पस बदलायचा हट्ट धरू नये. पण भूगोल, इतिहास यांसारखे काही विषय दोन्हीकडे आहेत आणि घोळ तिथेच होतो. नाव जवळपास सारखं, कोर्स कोड वेगळा. यूकॅसवर (यूकेतल्या युनिव्हर्सिटी प्रवेशांची अर्ज यंत्रणा) अर्ज करताना कोडकडे दुर्लक्ष झालं असेल तर आत्ताच ॲडमिशन्सला ईमेल करून विचारा. कॅस (स्टुडंट व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो प्रवेशाचा दाखला) निघाल्यावर बदल किचकट होतो. कॅसवर शिकण्याच्या जागेचा पत्ता असतो, तो नीट वाचा.

पेनरिनचा कॅम्पस फॅल्मथ युनिव्हर्सिटीबरोबर सामायिक आहे. लायब्ररी एकच, विद्यार्थी संघटनाही एकच. त्यामुळे आर्ट-डिझाइनवाली मंडळी भरपूर भेटतील.

खरी डोकेदुखी दुसऱ्या वर्षीच्या घराची. पहिल्या वर्षी मुदतीत अर्ज केला तर कॅम्पसवर ग्लॅस्नी स्टुडंट व्हिलेज आहे. पुढे फॅल्मथ-पेनरिनमध्ये भाड्याची घरं कमी, कारण बरीचशी पर्यटकांना दिली जातात. म्हणून पहिल्याच टर्ममध्ये पुढच्या वर्षाचं घर शोधायला लागावं. घरमालक बहुतेक वेळा यूकेत राहणारा गॅरंटर (भाड्याची हमी घेणारा) मागतात, आणि तुमचा आतेभाऊ उपयोगी पडेल तो इथे. फक्त सही करण्याआधी एक बघायला सांगा: चार-पाच जणींचा मिळून एकच करार असेल, तर गॅरंटी तुमच्या मुलीच्या हिश्श्यापुरतीच आहे असं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. नाहीतर मैत्रिणीने भाडं थकवलं की नोटीस त्याला येते.

हीथ्रोवरून जाताना लंडन शहरात शिरायची गरज नाही. रेलएअरच्या बसने रेडिंग, तिथून पेन्झॅन्सकडची गाडी, ट्रूरोला बदल. सामान दोन बॅगांतच बसवा. पेनरिन स्टेशनपासून कॅम्पसपर्यंत चढच आहे.