ठिबकच्या अनुदानानं काय साधलं, हे कसं मोजायचं?

तुमचं म्हणणं असं, की तालुक्यात ठिबक सिंचनाखालचं क्षेत्र दुप्पट झालंय, मग अनुदान सार्थकी लागलं म्हणायला हरकत काय?

हरकत आहे. त्या आकड्यातून पैसे वाटले गेले एवढंच कळतं. अनुदान नसतं तर यातल्या किती जणांनी ठिबक केलंच नसतं, ते कळत नाही. नाशिकचा द्राक्षवाला ठिबकशिवाय बाग लावायच्या भानगडीत पडत नाही, खतंसुद्धा त्याला नळीतूनच सोडायची असतात. जो खर्च तो करणारच होता, त्यातला मोठा वाटा सरकारनं परत केला, इतकंच. केंद्राच्या योजनेतून अल्पभूधारकाला ५५ आणि इतरांना ४५ टक्के, त्यात राज्याचं पूरक अनुदान धरून ८० आणि ७५. म्हणजे फरक पाच टक्क्यांचा. शिवाय आधी पदरचे पैसे घालायचे, अनुदान मागून खात्यात येणार. हाताशी रोकड नसलेला तिथेच गळतो.

मी दोन एकरांवर ठिबक केलं तेव्हा दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, "अनुदानातून की रोखीनं?" नळी तीच, ड्रिपर तेच, दर मात्र दोन, अनुदानाचा चढा. त्यामुळे माझ्या नावावरचं अनुदान सगळं माझ्यापर्यंत पोचलं असं मी तरी म्हणणार नाही.

खरी गोम पाण्यात आहे. ठिबकनं माझं उत्पन्न वाढलं, रात्री दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वळवायला, जाणं बंद झालं. हा फायदा खरा आहे आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहिलं का? नाही. बांधापलीकडच्या अर्ध्या एकरात ऊस वाढला. पाटपाण्यातलं जे पाणी मुरून खालच्या विहिरींना लागायचं, तेही घटलं. त्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीजबिल माफ, मग मोटर बंद कोण करणार? एका अनुदानानं वाचवायचं, दुसऱ्यानं उपसायचं! म्हणून 'पाणीबचत' हा शब्द अहवालात दिसला की भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या उन्हाळी पातळ्या काढून बघा. शेजारची, तेवढाच पाऊस पण ठिबक कमी असलेली गावंही सोबत घ्या, नाहीतर एका चांगल्या पावसाळ्याचं श्रेय योजनेला जाईल.

अनुदान नसतं तर किती जणांनी ठिबक केलं नसतं, या पहिल्या प्रश्नासाठी एक सोपी वाट आहे. महाडीबीटीवर, म्हणजे योजनांच्या अर्जांच्या सरकारी पोर्टलवर, निवड सोडतीनं व्हायची, त्या काळातलं असं एखादं वर्ष धरा, ज्यात बरेच अर्ज मागे राहिले. नंबर लागलेले आणि न लागलेले, दोघांनाही ठिबक हवंच होतं. फरक फक्त नशिबाचा. न लागलेल्यांपैकी किती जणांनी दोन वर्षांत स्वखर्चानं नळ्या अंथरल्या, ते गावात फिरून मोजा. निम्म्यांनी अंथरल्या असतील, तर ढोबळमानानं निम्मं अनुदान तसंही होणाऱ्या कामावर गेलं. माहिती अधिकारात अर्ज करताना नावं मागू नका, त्यावरून नकार येऊ शकतो. गाव, क्षेत्र, पीक आणि निवडीची तारीख मिळाली तरी कामाला लागता येईल.