70 च्या पुढच्या माणसांना ऑनलाइन समुपदेशन, हेल्पलाइन यांचा उपयोग होतो का, की ते तरुणांसाठीच असतं?

होतो. आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, झाला. "म्हाताऱ्यांना हे जमत नाही" हे वाक्य मी सख्ख्या भावाकडून इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत. 2019 ला पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली तेव्हा जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी होतं. 2021 ला पुन्हा तेच. 2023 ला आई गेली. पुढच्या वर्षी, 2024 च्या जुलैत, नदीनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि आप्पांची झोप उडाली. तेव्हा ते 74 वर्षांचे. रात्री अडीचला उठायचे आणि मोबाईल नाकाजवळ धरून राजाराम बंधाऱ्यापाशी नदीची पातळी किती झाली ते बघायचे. पाणी उतरलं, गणपती येऊन गेले, तरी बघणं चालूच. विचारलं की एकच उत्तर, "पित्त झालंय."

माझी मुलगी 20 वर्षांची. तिच्या वयाची पोरं रात्री एकला रील बघून स्वतःला आजार चिकटवतात, चाचण्या सोडवतात, अनोळखी माणसाला टाइप करून सगळं सांगतात, पण फोन कर म्हटलं की अंग चोरतात. तिनं आप्पांपुढं पीएचक्यू-9, म्हणजे नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी, धरली. "दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का?" आप्पा म्हणाले, "तुझी आज्जी गेली, रस कशात घिऊ?" तिनं मोबाईल पालथा ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसून राहिली.

मी पंचेचाळिशीतला. आमच्या वयाचे मदत शोधतो, पण दुसऱ्यासाठी. एका खासगी ॲपवर पैसे भरले. ओटीपी, ईमेल, सगळं इंग्रजीत, आणि व्हिडिओ लागल्यावर समोरच्या बाई हिंदीत बोलायला लागल्या. आप्पा "हां जी, ठीक है" म्हणून उठून गेले. दादाचा पुण्याहून लगेच फोन, "सांगितलं होतं ना? आणि चार लोकांत कळलं तर म्हणतील, वेड लागलंय."

मग 14416 लावला. टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, 24 तास, 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू. मराठीसाठीचं बटण मी दाबलं, फोन आप्पांच्या हातात दिला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. "झोप न्हाई लागत बघा," एवढं ऐकू आलं. मग पाण्याचं काहीतरी. मग आईचं नाव. ती गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी ते ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासानं बाहेर आले आणि चहा टाक म्हणाले.

तेव्हा वडिलांच्या हातात ॲप देऊ नका. त्यांना आवाज लागतो, आपल्या भाषेतला. "मन", "नैराश्य" असले शब्दही नकोत. झोपेबद्दल बोला म्हणावं, पुढचं ते आपोआप बोलतात. आणि तिथं कान देऊन उभं राहू नका. मी राहिलो, ते चुकलं.

एक सांगायचं राहिलं. नुसत्या फोनवर भागलं नाही. हेल्पलाइनवाल्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणून सांगितलं आणि पाच महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. तुमचे वडील जिवाचं काही वाईट बोलत असतील तर यातलं काही करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आमच्या गावात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. आणि कानाला कमी ऐकू येत असेल तर फोनचा उपयोग नाही, समोरासमोरच न्या.

दादा अजून म्हणतो, "बोलायलाच पाहिजे होतं तर कुणीही चाललं असतं, हेल्पलाइन कशाला?" चाललं असतं. पण त्या सबंध पावसाळ्यात त्यानं आप्पांच्या नंबरवर एकदाही फोन लावला नाही, मलाच विचारायचा, "कसे आहेत?" आणि मी भिंतीपलीकडच्या खोलीत झोपत होतो.