नॉयपरलाखला यायचं म्हणताय, तर

तुम्ही विचारलंत की मिस्टरांना म्युनिकमध्ये नोकरी लागली आहे, नॉयपरलाखला भाड्याचं घर मिळतंय, पण दोघातिघांनी ‘तो भाग बरा नाही’ म्हणून सांगितलंय; आणि लेक तिसरीत जाईल, तर तिचं शाळेत जमेल का? व्हिसा, विमा, पत्त्याची नोंदणी हे सगळं सरकारी पानांवर नीट दिलेलं आहे, ते मी लिहीत नाही. पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस माझं कामात मन लागत नाहीये, म्हणून लिहायला बसले. आम्हाला इथे दहा वर्षं झाली.

आधी घराचं सांगते. घ्या. बिनधास्त घ्या.

मी वाशीची. सिडकोच्या सेक्टरांमध्ये वाढले, त्यामुळे नॉयपरलाख पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा मला परकं वाटलंच नाही. मुंबईचा भार कमी करायला नवी मुंबई, तसं म्युनिकचा भार कमी करायला हे. त्याला जर्मनमध्ये शब्दच तसा होता, एन्टलास्टुंग्सश्टाट, ओझं हलकं करणारं शहर. युद्धात म्युनिकवर बॉम्ब पडले, घरं गेली. पाठोपाठ पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन निर्वासित आले, मग कारखान्यांत कामाला इटलीची, तुर्कस्तानची, युगोस्लाव्हियाची माणसं. 1957च्या डिसेंबरातच शहराची वस्ती 10 लाखांवर गेली होती आणि घरं काही पुरेनात. हान्स-योखेन फोगेल महापौर असताना पेरलाख गावाच्या शेतांवर 80,000 माणसांची वसाहत आखली गेली. पायाभरणी झाली 11 मे 1967 रोजी. बांधणारी मुख्य कंपनी नॉये हायमाट, कामगार संघटनांच्या मालकीची.

घरं आधी आली, बाकीचं मागाहून. भुयारी रेल्वे इथवर पोचली 1980च्या ऑक्टोबरात आणि ‘पेप’ हे मोठं बाजारसंकुल 1981 साली उघडलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी लग्न होऊन इथे आल्या तेव्हा चिखलातून बसथांब्यापर्यंत रबरी बूट घालून जायच्या आणि चपला पिशवीत न्यायच्या. हे ऐकलं तेव्हा मला माझी आई आठवली. वाशीला लोकल 1992 साली आली, तोवर तीही खाडीपूल ओलांडणाऱ्या बसमध्ये लटकतच दादरला नोकरीला जायची. त्या आजींशी माझी गट्टी जमली ती त्या दिवसापासून.

बदनामी कशाची, तर उंच काँक्रीटच्या इमारतींची आणि परदेशी माणसांची. त्यात आम्ही आलो त्याच्या पुढच्या वर्षी, 2016 साली, एकट्या आलेल्या निर्वासित मुलांच्या वसतिगृहाशेजारी चार मीटर उंचीची भिंत उभी राहिली. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून. बर्लिनच्या भिंतीपेक्षा उंच, असं जगभर छापून आलं. आईचा वाशीहून फोन, की तुम्ही राहता तिथलंच ना हे? ती भिंत मला आजही लागते. पण रोजचं नॉयपरलाख वेगळं आहे. पायवाटा आणि सायकलीच्या वाटा मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, वर पादचारी पूल. मुलं एकही रस्ता न ओलांडता शाळेत जातात. ओस्टपार्कच्या टेकडीवर थंडीत घसरगाडी, उन्हाळ्यात शेजारच्या मिखाएलीबाडला पोहणं. भुयारी रेल्वेची यू-5 पकडली की पंधरा-वीस मिनिटांत मुख्य स्टेशन. आजूबाजूची झाडं आता पन्नास वर्षांची आहेत, ती जाहिरातीतल्या फोटोंत दिसत नाहीत.

एकटेपणाचं विचारलंत. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडतो, तेव्हा होतो. गणपतीला मंडळात माणसं भेटतात. एकटेपणानं कोणी परत जात नाही.

कागदांचा मात्र मनस्ताप होतो. राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आलेली, नूतनीकरणाची अपॉइंटमेंट मिळेना, ईमेलला उत्तर नाही, आणि तिकडे बाबांची बायपास. गेले तर परत येता येईल का, या भीतीने मी गेले नाही. ते बरे झाले, पण मी गेले नाही.

आता शाळा. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीतच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा; 2.66पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथे 1 म्हणजे उत्तम, हे डोक्यात बसायलाच वर्ष जातं. मेच्या सुरुवातीला ते पत्रक हातात येतं. माझी लेक दुसरीच्या मध्यावर आली, शब्द न शब्द नव्याने शिकली, आणि तिला मिळाले 2.66. बाई शांतपणे म्हणाल्या, घरी जर्मन बोलत नाही ना, त्यामुळे झालं. आम्ही मान हलवली. सही केली.

दोन वर्षांनी मला दुसऱ्या एका आईकडून कळलं, की ज्या मुलांची मातृभाषा जर्मन नाही आणि जी पहिलीपासून इथे शिकलेली नाहीत, त्यांची सरासरी 3.33 असली तरी शाळा त्यांना गिम्नाझिउमसाठी योग्य ठरवू शकते, जर कमी गुण भाषेमुळे असतील आणि ती उणीव भरून निघण्यासारखी असेल. नियम होता. आम्हाला कोणी सांगितला नाही, आम्ही विचारला नाही. गिम्नाझिउमसाठी तीन दिवसांचे चाचणीचे तासही देता आले असते, तेही आम्हाला माहीत नव्हतं. तुमची लेक याच नियमात बसेल. पहिल्याच पालकभेटीत हा 3.33चा आकडा तोंडाने बोला, आणि उत्तर लेखी मागा.

माझी लेक रेआलशूले संपवून आता फाखओबरशूलेत, म्हणजे दहावीनंतरच्या व्यवसायाभिमुख शाळेत आहे, विद्यापीठाचा रस्ता तिथूनही जातो. ती मजेत आहे. अडलंय ते दुसरंच. बाईंच्या त्या वाक्यानंतर मी घरात मराठी बोलणं थांबवलं. माझ्या मोडक्या जर्मनमध्ये तिच्याशी बोलत राहिले, तीन वर्षं, रागवायचं तेसुद्धा जर्मनमध्ये. तिच्या जर्मनला माझा उपयोग शून्य झाला. आता आई फोनवर तिला ‘जेवलीस का गं’ विचारते, ती ‘हो आजी’ म्हणते, आणि पुढचं वाक्य सुचेना की फोन माझ्या हातात देते.

घर कितव्या मजल्यावर आहे आणि कुठल्या रस्त्याला, तेवढं कळवा. क्विडेश्ट्रासेच्या बाजूला असेल तर शाळेची वाट मी स्वतः चालून दाखवेन.