कंट्रोलचा तांदूळ आणि कापसाची वेचाई

प्रश्न: ताई, मी घाटंजी तालुक्यातला पाच एकरवाला कास्तकार. दिवाळीनंतर वावरात कापूस फुटून लोंबत होता आणि वेचायला बाया मिळत नव्हत्या. पानठेल्यावर लोक म्हणतात, कंट्रोलचं म्हणजे रेशनचं धान्य फुकट झालं, लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात, आता कामाला कोण येणार? दुसरे म्हणतात, गरिबापर्यंत काही पोचतच नाही, मधलेच खातात. इकडे आमच्या वावरात निंदणाला येणाऱ्या विधवा मावशीचे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे चार महिन्यांपासून बंद आहेत. या योजनांनी खरंच गरिबी हटते का? तुम्ही पोस्टात होत्या, तुम्ही जवळून पाहिलं असेल.

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी अठ्ठावीस वर्षं शाखा डाकघर सांभाळलं. निराधारचे पैसे, रोजगार हमीची मजुरी, दोन्ही माझ्या हातून वाटली गेली. त्यावरून सांगते. या योजनांनी भूक थांबते. गरिबी मात्र त्यांच्यातल्या थोड्याच योजनांनी हलते.

आमच्या गावात एक म्हातारी होती. मुलगा-सून मजुरीवर, तिची खाट बाहेर ओसरीत. झड लागली की गोधडी ओली व्हायची. तिला श्रावणबाळ योजनेतून म्हातारपणाचे महिना सहाशे मिळायला लागले. पैसे घेतले की ती माझ्यासमोरच पदराला दोन गाठी मारायची, एक किराण्याची, एक औषधाची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात किराणावाला तिला उधार द्यायला लागला, कारण पैसे येणार हे त्याला माहीत झालं होतं. त्याच पावसाळ्यात सुनेने तिची खाट आत घेतली. सून वाईट नव्हती. खाणारी तोंडं जास्त आणि आणणारे हात कमी, अशा घरात म्हाताऱ्या माणसाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. सहाशे रुपयांनी तिची गरिबी गेली नाही, पण तिला घरात जागा झाली.

ते सहाशे २०१९ मध्ये हजार झाले आणि २०२३ मध्ये पंधराशे. ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यांसाठी केंद्राचा वाटा मात्र पंधरा वर्षं उलटली तरी दोनशेच आहे. याच म्हातारीचे पैसे पुढे एकदा आठ महिने थांबले. हयातीचा दाखला आम्ही वेळेवर दिला होता, तो कुठल्या टेबलावर अडकला ते कोणी सांगितलं नाही. त्या आठ महिन्यांत किराणावाल्याने उधारी बंद केली.

आता वेचाईचं. तुमचा त्रास खरा आहे. बोंडं फुटलेली आणि वर आभाळ भरून आलेलं असलं की कास्तकाराच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मीही कास्तकाराच्याच घरची सून. पण हिशेब नीट करू. सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर महिन्याला पस्तीस किलो धान्य मिळतं, बाकी पात्र घरांना माणशी पाच किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झालं. त्याआधीही तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलोच होता. म्हणजे पाच माणसांच्या घरात मोफत झाल्याने महिन्याला पन्नास ते पंचाहत्तर रुपये वाचतात. तेवढ्यावर कोणती बाई मजुरी सोडेल?

फरक पडला तो वेगळ्याच जागी. पूर्वी घरात दाणा नसला की बाई मिळेल त्या दराने वावरात उतरायची, आणि तेही ज्याच्याकडून पावसाळ्यात उचल घेतली त्याच्याच वावरात. आता डब्यात तांदूळ आहे, म्हणून ती "किलोला दहा द्या, मग येते" असं तोंडावर म्हणू शकते. मला हे चांगलं वाटतं, आणि तुमची गळचेपी होते हेही मला दिसतं. किलोला दहा म्हणजे क्विंटलमागे हजार रुपये वेचाईत जातात. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ होता आणि आपल्यातल्या कित्येकांनी त्याहून कमी भावात गाडी रिकामी केली. तुमचं दुखणं तिथे आहे. त्याचा राग मावशीच्या तांदळावर काढू नका.

मधले खातात, हे एके काळी फारच खरं होतं. रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात, असं १९८५ मध्ये खुद्द पंतप्रधान राजीव गांधी म्हणाले होते. गावात राहत नसलेल्या माणसांची नावं मी रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, पाहिली आहेत. पैसे थेट खात्यात यायला लागले तसं हे पुष्कळ कमी झालं. आता जे होतं ते मला जास्त छळतं. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं कधी हातात घेऊन पाहा. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. चार महिने त्यांत बोटं घातल्यावर शेंड्यांवरच्या रेषा पुसट होतात. मग ती कंट्रोलच्या मशीनवर अंगठा ठेवते, अंगठा येत नाही. पदराला पुसते, पुन्हा ठेवते. दुसरं बोट, तिसरं बोट. मागची रांग चुळबुळ करते, दुकानदार म्हणतो, उद्या ये. उद्या म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी गेली. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारायचं नाही, अशी केंद्राची २०१७ ची सूचना आहे. रांगेतल्या बाईला ती कोण सांगणार?

निराधारची अटही अशीच. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. दिवसाला तीनशे मजुरी धरली तर सत्तर दिवसांत ही मर्यादा भरते. खरं सांगणारी बाई बाद होते, आणि नाइलाजाने खोटं लिहून घेणारी पुढे कोणी तक्रार करील म्हणून जन्मभर घाबरते. गरीब माणसाला खोटं बोलायला लावणारा हा आकडा बदललाच पाहिजे.

नीती आयोगाच्या मोजणीत देशातली बहुआयामी गरिबी २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आली. त्यात शौचालय, वीज, बँकेचं खातं हेही धरतात. या गोष्टी गावात आल्या, हे मी पाहिलं. पण खातं असणं मोजलं जातं, खात्यात काय आहे ते नाही.

मग गरिबी हलते कशाने? माझी माय बुलडाण्याकडची. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्यावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्याच दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. माय म्हणायची, "त्या खडीनं आम्ही जगलो." सुधारलो असं ती कधी म्हणाली नाही. आमच्या गावात सुधारली ती रोजगार हमीतूनच सिंचन विहीर मिळालेली घरं. चार विहिरी झाल्या, तिघींना पाणी लागलं. त्या तीन वावरांत खरिपाच्या मागे हरभरा आला, गहू आला. एका घरची पोरगी बारावीनंतर नर्सिंगला गेली. चौथी विहीर कोरडी निघाली आणि त्या घरावर खोदाईचं उसनं तेवढं राहिलं.

आता तुमच्या मावशीचं. आधी पैसे खरंच बंद आहेत का ते बघा. अनुदान आता आधारला जोडलेल्या खात्यात जातं, आणि आधार सगळ्यात शेवटी जिथे जोडलं तिथेच ते पडतं. गावातल्या एखाद्या शिबिरात तिला दुसरं खातं उघडून दिलं असेल, तर पैसे तिकडे जात असतील आणि मावशी जुनंच पासबुक घेऊन हेलपाटे घालत असेल. एका बाईचे अकरा महिन्यांचे पैसे मी असेच शोधून दिले आहेत. तिथेही नसले तर तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा. आधार, पासबुक, हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घालून पोच घ्या, पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिला एकटीला पाठवू नका भाऊ, तुमच्या गाडीवर बसवून न्या. त्या दिवशीचा तिचा रोज बुडेल, तो तुम्ही द्या.