सोमवारची मीटिंग आणि रविवारची रात्र

प्रश्न: ताई, माझं वय २६, प्लीज नाव छापू नका. ऑफिसमध्ये दर सोमवारी मीटिंग असते, प्रत्येकाने दोन मिनिटं आपापलं काम सांगायचं, बस एवढंच. पण मला रविवार दुपारपासूनच पोटात गोळा येतो, रात्री झोप नाही, काय बोलायचं ते शब्द न् शब्द पाठ करत बसतो. बोलायला लागलो की कान तापतात, आवाज कापतो, मीटिंग ऑनलाइन असेल तर कॅमेरा बंदच ठेवतो. आणि नंतर दोन-दोन दिवस तेच डोक्यात, मी असं का बोललो, तो का हसला. मित्र म्हणतात कॉन्फिडन्स वाढव. कसा वाढवायचा? आणि हा स्वभाव आहे की आजार?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण रविवार दुपारचा तो गोळा माझ्या चांगला ओळखीचा आहे, माझेही कान कित्येक वर्षं असेच तापायचे.

शेवटचा प्रश्न आधी घेते. बुजरेपणा हा स्वभाव असू शकतो आणि त्यात वाईट काही नाही, कमी बोलणारी माणसं छान जगतात. पण भीतीपायी झोप उडतेय, कामं टाळली जातायत आणि हे सहा महिने किंवा त्याच्याही वर चाललंय, तर त्याला डॉक्टर सोशल अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात हे १९८० साली आलं, तेव्हा त्याला सोशल फोबिया म्हणायचे. म्हणजे याला नाव आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते बऱ्याच जणांना लागू पडतात. पत्रावरून निदान मी करणार नाही, ते समोर बसूनच व्हायला हवं, पण दाखवून घे असं मात्र नक्की सांगेन.

आता कॉन्फिडन्स. मित्र प्रेमानेच सांगतायत, पण क्रम उलटा सांगतायत. भीती गेली की मग मी मोकळा बोलेन अशी तू वाट बघतोयस आणि तसं होत नाही रे, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही हे आपण उगाच म्हणत नाही. धीर येतो तो बोलून झाल्यावर, आणि तोही हळूहळू.

पण मग तू म्हणशील, मी तर दर सोमवारी पाण्यात पडतोच आहे, तरी भीती का जात नाही? हा खरा प्रश्न आहे आणि इथेच मला जास्त थांबायचंय. तू बोलतोस, पण कुबड्या घेऊन बोलतोस. पाठ केलेली वाक्यं ही एक कुबडी, बंद कॅमेरा दुसरी. १९९५ मध्ये क्लार्क आणि वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे नीट मांडलं, त्यांच्या भाषेत सेफ्टी बिहेवियर. मीटिंग धड पार पडली की मन म्हणतं, वाचलो, पाठ केलं होतं म्हणून वाचलो. म्हणजे पाठ न करताही निभावलं असतं हे तुला कधी कळतच नाही. वर या कुबड्याच काम बिघडवतात. पाठ केलेलं आठवण्यात सगळं लक्ष आत, त्यामुळे समोरच्याने काय विचारलं तेच नीट ऐकू येत नाही, मग उत्तर अडखळतं, मग आवाज कापतो. हाताची थरथर लपवायला पेन घट्ट धरून बघ, बोटं अजूनच थरथरतात.

आणि तुला आतून जे जाणवतं ते बाहेर तेवढं दिसत नाही. २००० साली गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी चेहरा ओळखला असेल. प्रत्यक्षात ओळखला होता साधारण चौघांतल्या एकाने. त्यांच्यापैकी दोघांनी पुढे आणखी एक प्रयोग केला, भाषणाआधी काही जणांना एवढंच समजावलं की तुमची घबराट तुम्हाला वाटते तेवढी लोकांना दिसत नाही, आणि तेवढ्यानेच त्यांची भाषणं सुधारली.

मग येत्या सोमवारी काय करायचं? सगळं एकदम नको. एकच कुबडी सोड, समजा पाठांतर. चार मुद्दे चिठ्ठीवर लिही, पूर्ण वाक्यं नाहीत. मीटिंगच्या आधी एका ओळीत लिहून ठेव की काय वाईट होईल असं वाटतंय, अगदी स्पष्ट, म्हणजे ‘आवाज कापेल आणि निदान तिघं तरी हसतील’ असं. बोलताना लक्ष मुद्दाम बाहेर ने, कोण वहीत लिहितंय, कोण मान हलवतंय, कोण खिडकीबाहेर बघतंय. कान तापले तर तापू देत, ते थांबवायला जाऊ नकोस. नंतर त्याच ओळीखाली लिही, खरंच किती जण हसले. आवाज कापलाही असेल, मग पुढे काय झालं, पुढच्या माणसाने बोलायला सुरुवात केली ना?

ते दोन दिवसांचं उगाळणं आहे ना, त्यात तू आठवत नसतोस, तू स्वतःवर खटला चालवत असतोस आणि साक्षीदार फक्त भीती. लिहिलेल्या त्या दोन ओळी तेव्हा कामी येतात. जमलं तर एकदा मोबाइलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड कर, पण बघण्याआधी काय दिसेल ते लिही, मग अनोळखी माणसाचा व्हिडिओ असल्यासारखा बघ. थेरपीतही हे करून घेतात. दोन-तीन सोमवारांनी कॅमेरा चालू करायचा, आणि एखादा सोमवार वाईट गेला तर तो एक वाईट सोमवार, एवढंच.

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची आहे. घरी भरभरून बोलते, पण बाहेर कुणी नाव विचारलं तरी माझ्याकडे बघते आणि मग मीच सांगते. वर्गात हात वर करत नाही. तिला वक्तृत्व स्पर्धेत घालू का?

उत्तर: स्पर्धेत लगेच नको, तिने स्वतःहून म्हटलं तर गोष्ट वेगळी. आधी ‘मग मीच सांगते’ हे थांबवा. मला माहितीये तुम्ही मायेपोटी करता, तिची घालमेल बघवत नाही. पण दर वेळी तिला कळतं ते असं की मला हे जमण्यातलं नाही हे आईलाही पटलंय. पुढच्या वेळी मनात दहापर्यंत मोजा, शांतता लांबली तरी लांबू दे. तिने पुटपुटून का होईना सांगितलं की तुम्ही नेहमीसारखं बोलणं पुढे न्या, मोठं कौतुक करून सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळवू नका. आणि तिच्यादेखत ‘ती लाजाळू आहे हो’ हे वाक्य आजपासून बंद, अगदी कुणालाही नाही. वर्गशिक्षकांना भेटा, सुरुवातीला उत्तर माहीत असलेला एखादा छोटा प्रश्न, तोही तिला आधी कल्पना देऊन विचारा म्हणावं. हा त्रास बऱ्याचदा याच वयाच्या आसपास सुरू होतो, म्हणून शाळा बुडवायला लागली किंवा मैत्रिणींकडे जाणं बंद झालं तर थांबू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न: कार्यक्रमाला जायच्या आधी दोन पेग घेतले तरच मी लोकांशी बोलू शकतो. एक मित्र म्हणतो स्टेजवरचे कलाकार घेतात ती गोळी घे. घेऊ का?

उत्तर: मित्राच्या सांगण्यावरून गोळी नको. तो बहुधा प्रोप्रॅनोलॉलबद्दल बोलतोय, त्याने धडधड आणि थरथर कमी होते, पण लोक काय म्हणतील हा विचार तसाच राहतो, आणि दमा असलेल्यांना ती धोक्याची आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्ये या त्रासासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मोठ्यांसाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी ही बोलण्याची थेरपी सांगितलीय, आणि ती नको असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधं वेगळी आहेत, ती रोज घ्यावी लागतात आणि गुण यायला काही आठवडे जातात.

पेगबद्दल काळजीने सांगते, तीही कुबडीच आहे, आणि सकाळी उतरल्यावर अस्वस्थता उलट वाढते. पुढच्या कार्यक्रमाला न पिता जा, पहिला अर्धा तास हातात पाण्याचा ग्लास आणि एकाच माणसाशी बोलणं, तेवढंच ठरवून. मात्र पिणं रोजचं आणि जास्त असेल तर एकदम बंद करू नका, त्यानेही जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांकडे जा आणि किती घेता ते खरं सांगा.