गोळी थांबवली, तरी पुरळ का जात नाही?

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगासाठी मला लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम रोज एक सुरू आहे. तिसऱ्या आठवड्यात पोटावर, मांड्यांवर खाजरे लाल पुरळ उठले. गोळी ४ दिवस थांबवली, तरी गेले नाही. म्हणजे कारण दुसरेच आहे का?

उत्तर : ४ दिवसांवरून ते ठरत नाही. रक्तातले लेट्रोझोल निम्म्यावर यायलाच साधारण २ दिवस लागतात. ते जवळजवळ संपायला १०-१२ दिवस, आणि त्वचेचा दाह निवळायला त्याहून जास्त. स्तनाच्या कर्करोगावरचेच दुसरे औषध टॅमॉक्सिफेन तर आणखी रेंगाळते. ते निम्मे व्हायला ५ ते ७ दिवस जातात. त्यामुळे लेट्रोझोलची गोळी बंद ठेवून पाहायची असली तर २-३ आठवडे लागतात, आणि तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांचा. आपल्या मनाने मध्येच सोडलेली गोळी उपचारही बिघडवते आणि निदानही.

तपासणीला जाताना पुरळाचे तारखेसह फोटो न्या. त्याच सुमारास सुरू केलेली वेदनाशामके, प्रतिजैविके, काढे यांची यादीही न्या. खरा दोषी बऱ्याचदा तिथे सापडतो. तोवर कोमट पाण्याने आंघोळ करा आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावा. खाजेवर सेटिरिझिन १० मिलिग्रॅम रात्री चालते का, ते विचारून घ्या. स्टिरॉइड मलम दिले, तर बोटाच्या पेराएवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

दोष लेट्रोझोलचाच ठरला, तर ॲनास्ट्रोझोल हे औषध त्याच्याच जातकुळीचे आहे, त्यामुळे तेही पुरळ आणू शकते. एक्झेमेस्टेनची रचना वेगळी, म्हणून बदली औषध म्हणून त्याचा विचार होतो.

मात्र तोंडात किंवा डोळ्यांत फोड, त्वचा सोलवटणे, तापासह पुरळ, ओठ-चेहऱ्याला सूज किंवा धाप यांपैकी काहीही दिसले, तर पुढची गोळी न घेता तडक रुग्णालय गाठा. काचेचा पेला दाबूनही फिके न होणारे जांभळे ठिपके दिसले, तरी त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : टॅमॉक्सिफेनमुळे चेहरा-मान अचानक लाल होते, घाम फुटतो. ॲलर्जी असेल का?

उत्तर : काही मिनिटांत ओसरत असेल आणि गांधी उठत नसतील, तर त्या गरम वाफा. ॲलर्जीच्या गोळीचा उपयोग नाही. यावर काही नैराश्यविरोधी औषधे देतात, पण त्यांतली पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टॅमॉक्सिफेनबरोबर टाळतात. यकृतात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होणे त्यांनी कमी होते. एकाच पायाची पोटरी लाल, गरम, सुजलेली दिसली, तर तो त्वचेचा प्रश्न समजू नका. रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी तपासून घ्या.