यात्रेकरू आणि पर्यटक

प्रश्न : पूर्वी माणसे श्रद्धेने यात्रेला निघत, आता केवळ मौजेसाठी आणि छायाचित्रांसाठी फिरतात, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. मग पर्यटन हे यात्रेचेच उथळ रूप मानायचे का?

उत्तर : या तक्रारीत जुन्या यात्रेकरूंना जरा जास्तच सोवळे ठरवले जाते. मध्ययुगात स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाची यात्रा केलेला माणूस शिंपला मिरवत घरी परते, तर इंग्लंडमध्ये कँटरबरीला शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची ओतीव पदके यात्रेकरूंना विकली जात. त्याही मागे जायचे, तर इजिप्तमधील मेम्नॉनच्या पुतळ्याचे उदाहरण पाहावे. पहाटे त्यातून निघणारा आवाज ऐकण्यासाठी रोमन काळात लोक लांबून येत आणि तो ऐकल्याचे पुतळ्याच्या पायांवर कोरून ठेवत, इ. स. 130 मध्ये सम्राट हेड्रियनसोबत आलेल्या ज्युलिया बाल्बिला या कवयित्रीच्या ओळी तेथे आजही आहेत. तेव्हा ‘आम्ही येथे येऊन गेलो’ हे चारचौघांना सांगण्याची हौस कॅमेऱ्याच्या माथी मारता येत नाही.

खरा फरक सवडीचा आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत शिक्षण पुरे करण्यासाठी महिनोन्‌महिने इटलीत हिंडणे हे मुख्यतः उमरावांच्या मुलांनाच शक्य होते. 5 जुलै 1841 रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी लेस्टरहून लाफबरोला, तेही दारूबंदीच्या सभेसाठी, सुमारे 500 लोकांना माणशी एक शिलिंग घेऊन रेल्वेने नेले आणि पुढे अशाच सहली युरोपभर काढल्या, तेव्हा त्या घोळक्यांची सर्वाधिक टिंगल प्रवास ही आपली मिरासदारी समजणाऱ्यांनीच केली. उथळपणाचा आरोप मुख्यतः तेथून आला, असे मला वाटते.

रेल्वेने भाडे आवाक्यात आणले, तरी रोजंदारी बुडवून फिरायला जाणार कोण? फ्रान्समध्ये 1936 साली कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा दिली आणि तिच्या जोडीला सवलतीचे रेल्वे तिकीटही काढले. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही पगारी सुटीचा उल्लेख आहे. त्या फ्रेंच कामगारांपैकी अनेकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो याच रजेत, आणि त्यांनी तेथे केवळ मौज केली असली, तरी त्या प्रवासाला उथळ म्हणायला माझे मन धजत नाही.